नव्वद दिवसांची गाडी

आमच्या वर्गाच्या कपाटात, खडूंच्या खोक्याखाली, एक दोनशेपानी वही आहे. कव्हर निघालेलं, कोपरे दुमडलेले. पहिल्या पानावर पाचवीतल्या एका मुलाच्या अक्षरात लिहिलंय, ‘मंगळावरची गाडी : रोजनिशी’. खरं तर ती रोजनिशी नव्हे, आठवड्याची नोंद आहे. पण मुलांनी नाव ठेवलं, ते राहिलं. गेल्या महिन्यात कपाट आवरताना ती हाती लागली आणि तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात होतं. त्यातला एक भाग माझ्या चुकीचा आहे. तो गाळून लिहिता आलं असतं, पण मग बाकीचं सांगण्यात काही राम नाही.

सुरुवात २४ सप्टेंबर २०१४ ला झाली. त्या दिवशी सकाळी आपलं मंगळयान मंगळाच्या कक्षेत पोहोचलं. मुलं घरून टीव्ही बघूनच आली होती, वर्गात नुसता कल्ला. त्यात एकाने विचारलं, “बाई, ते खाली उतरणार कधी?” मी म्हटलं, ते उतरणार नाही, वरूनच फिरत राहणार. “मग खाली कोण उतरलंय?”

मला धड सांगता आलं नाही. घरी जाऊन वाचलं. तेव्हा मंगळावर नासाच्या दोन गाड्या, म्हणजे रोव्हर, चालू होते. एक नवी, मोठी, क्युरिऑसिटी, २०१२ साली उतरलेली. दुसरी जुनी, ऑपॉर्च्युनिटी. ती २५ जानेवारी २००४ ला उतरली होती आणि तिच्याकडून अपेक्षा होती ९० दिवसांच्या कामाची. सूर्यप्रकाशावर चालणारी गाडी; पॅनेलवर धूळ बसत जाईल, वीज कमी होत जाईल आणि तीनेक महिन्यांत काम थांबेल असा हिशोब होता. झालं काय, तर मंगळावरचा वाराच अधूनमधून ती धूळ झाडून टाकायचा. ९० दिवसांची गाडी अकराव्या वर्षात चालत होती.

दुसऱ्या दिवशी मी दोन्हींचे फोटो दाखवले. मला वाटलं, पोरं नवीच्या मागे लागतील. नाही. सगळ्यांचा जीव जुन्या गाडीवर जडला. “बाई, नव्वद दिवसांची आणि अजून चालते?” त्यांच्या घरची मोटारसायकल, आजोबांचा रेडिओ, सगळं त्यांना आठवायला लागलं. त्यात मी सांगितलं की ऑपॉर्च्युनिटी हे नाव तिसरीतल्या एका नऊ वर्षांच्या मुलीने सुचवलंय. ती आधी सैबेरियातल्या अनाथालयात होती, मग अमेरिकेतल्या एका कुटुंबाने तिला दत्तक घेतलं. नावाच्या स्पर्धेतला तिचा निबंध निवडला गेला. मग तर काय, गाडी आमचीच झाली. नाव मात्र कोणी घेतलं नाही. ‘गाडी’च म्हणायचे.

वहीत आम्ही पाच रकाने आखले. तारीख, मंगळावरचा कितवा दिवस, एकूण अंतर, वीज, आणि काय दिसलं. जेपीएल, म्हणजे कॅलिफोर्नियात पासाडेनाजवळची नासाची जी प्रयोगशाळा या गाड्या चालवते, ती दर आठवड्याला गाडीचा अहवाल इंटरनेटवर टाकायची. त्यात हे सगळे आकडे असायचे. दर शनिवारी मी मोबाईलवर अहवाल उघडायचे, एक जण वाचायचा, एक जण लिहायचा. इंग्रजीचा तासही त्यातच व्हायचा, हे मी टाचणात लिहिलं नाही, पण आता सांगायला हरकत नाही.

मंगळावरच्या दिवसाला ‘सोल’ म्हणतात. तो आपल्या दिवसापेक्षा सुमारे ४० मिनिटांनी मोठा, २४ तास ३९ मिनिटं ३५ सेकंद. एकदा मुलांनी हिशोब काढला की मंगळाच्या घड्याळाने शाळा भरवली तर ती रोज ४० मिनिटं उशिरा भरेल आणि साधारण १८ दिवसांनी आपण रात्री दहा-अकराला परिपाठ म्हणू. २००४ साली गाड्या उतरल्या तेव्हा जेपीएलमधली माणसं पहिले काही महिने खरोखर अशीच जगली. भर दुपारी झोपायचं, मध्यरात्री डबा खायचा. जवळच्या एका घड्याळजीने त्यांच्यासाठी मुद्दाम हळू चालणारी मनगटी घड्याळं करून दिली होती. पोरं या घड्याळजीवर इतकी खूश, की गाडीपेक्षा त्याच्याबद्दलच जास्त प्रश्न.

अंतर शिकवायला तर या गाडीसारखं शैक्षणिक साहित्य नाही. तिचा जास्तीत जास्त वेग सेकंदाला पाच सेंटिमीटर. आम्ही मैदानात पट्टीने खुणा केल्या आणि एकाला त्या वेगाने चालायला लावलं. मधली सुट्टी संपली तरी पठ्ठ्या पिंपळापर्यंत पोहोचला नाही. या वेगाने ती गाडी २४ मार्च २०१५ ला ४२.१९५ किलोमीटर, म्हणजे पूर्ण मॅरेथॉन, पार करून गेली. वेळ लागला अकरा वर्षं आणि दोन महिने. तिकडे जेपीएलमधल्या लोकांनी त्या निमित्ताने स्वतः आळीपाळीने पळून मॅरेथॉनएवढं अंतर पूर्ण केलं. आमच्याकडे मैदानाला किती फेऱ्या मारल्या ते वहीत आहे, पण खाडाखोड इतकी आहे की आकडा विश्वासाचा नाही.

आता फोटोंबद्दल, कारण खरी मजा तिथे होती.

स्टीव्ह स्क्वायर्स हे या मोहिमेचे मुख्य शास्त्रज्ञ. त्यांच्या चमूने सुरुवातीलाच ठरवलं की गाडीने पाठवलेले फोटो अडवून ठेवायचे नाहीत. आले की जसेच्या तसे, कच्चे, सगळ्या जगासाठी खुले. शास्त्रज्ञ झोपलेले असताना इंग्लंडमधला किंवा कॅनडातला एखादा माणूस चहा पीत मंगळावरचा सकाळचा फोटो बघत बसलेला असायचा. आणि नुसता बघत नाही. कच्चे फोटो काळे-पांढरे असतात. एकाच जागेचे वेगवेगळ्या रंगांच्या काचांमधून काढलेले तीन फोटो एकमेकांवर बसवले की रंगीत चित्र तयार होतं. आजूबाजूच्या जागांची अशी चित्रं कडेला कड जुळवली की क्षितिजापर्यंतचा देखावा. हे काम जगभरच्या हौशी लोकांनी वर्षानुवर्षं, पगाराशिवाय, रात्री जागून केलं. इंग्लंडचे डग एलिसन त्यातलेच. हौसेने मंगळाची चित्रं जोडता जोडता पुढे ते जेपीएलमध्येच नोकरीला लागले आणि रोव्हरच्या कॅमेऱ्यांचं काम करू लागले. कॅनडातले भूगोलाचे प्राध्यापक फिल स्टूक गाडीच्या रस्त्याचे नकाशे काढत राहिले, कुठे थांबली, कुठे वळली. त्यातून मंगळाचा अॅटलास झाला.

हे वाचलं आणि मला आमच्या घरची गोधडी आठवली. आम्हीही जोडायला बसलो. झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून आणल्या, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर चिकटवल्या. सांधे काही जुळेनात. डावीकडे क्षितिज वर, उजवीकडे खाली. एका मुलाने कात्री घेऊन मधला दगडच कापला, म्हणजे ओळ जुळेल. तेव्हा मागून एक मुलगी म्हणाली, “दगड तिथं आहे ना रे. तो कापून कसा चालेल?”

ती मुलगी तेव्हा चौथीतही नव्हती, मोठ्या भावाबरोबर खिडकीत येऊन उभी राहायची. वडील एसटीत चालक. पुढे पाचवीत आल्यावर वही तिच्या हातात गेली आणि मग कोणी मागितलीच नाही, कारण तिच्यासारखं लिहिणारं कोणी नव्हतं. आकड्यापुढे आकडा, रेघ सरळ, जिथे माहिती नाही तिथे आडवी रेघ. अंदाजाने काही भरलेलं तिला खपायचं नाही.

‘काय दिसलं’ या रकान्यात काय काय आहे! गाडी उतरली त्या जागी वाटाण्याहून लहान, गोल गोल खडे विखुरलेले होते. शास्त्रज्ञांनी त्यांना ब्लूबेरी म्हटलं, आमच्या वहीत ते ‘करवंदं’ आहेत. त्यात हेमेटाइट नावाचं लोहखनिज निघालं आणि तिथे कधी काळी पाणी मुरलं असल्याचा तो एक मोठा पुरावा ठरला. २००५ साली गाडी वाळूच्या लाटेत रुतून बसली होती, तीही जुनी हकीकत मुलांनी शोधून लिहिली. पाच आठवडे चाकं फिरवायची, गाडी हलायची इंच इंच. आमच्याकडे पावसाळ्यात ट्रॅक्टर रुततो, त्यामुळे या विषयावर सगळेच तज्ज्ञ. “मागं घ्यायची, बाई, पुढं रेटली की अजून खाली जाते.” जेपीएलनेही मागेच घेतली, आणि ती सुटली.

आणखी एक नोंद मला फार आवडते. म्हातारपणी गाडीची कायमची स्मरणशक्ती बिघडली. रात्री झोपली की दिवसभरातलं साठवलेलं पुसलं जायचं. मग चालवणाऱ्यांनी तिची ती साठवण वापरणंच बंद केलं आणि नवी शिस्त लावली, झोपायच्या आधी त्या दिवसाचं सगळं पाठवून द्यायचं. पाठवलं नाही ते गेलं. वहीत एवढंच आहे : ‘गाडीला विसर पडतो. झोपण्याआधी सगळं सांगते.’ हे एका पालकांनी वाचलं आणि म्हणाले, “आमची आई.” पुढे काही बोलले नाहीत.

पालकांचा विषय निघालाच आहे तर, सगळे असे नव्हते. ‘बाई, हे परीक्षेला आहे का?’ हा प्रश्न मला या काळात किती वेळा आला याची नोंद वहीत नाही.

२०१८ च्या उन्हाळी सुट्टीत मंगळावर धुळीचं वादळ उठलं. काही दिवसांतच ते जवळजवळ सगळ्या ग्रहावर पसरलं. १० जूनला गाडीकडून शेवटची माहिती आली. १५ जूनला आमची शाळा उघडली, ती मुलगी सातवीत गेली होती, आणि पहिल्या शनिवारी आम्ही अहवाल उघडला तर नवं काहीच नाही. तिने लिहिलं, ‘अंतर ४५.१६. निरोप नाही.’

पुढच्या शनिवारीही तेच. त्याच्या पुढच्या शनिवारीही. जेपीएलमधले लोक सांगत होते की वादळ शमल्यावर वारा सुटेल, पॅनेलवरची धूळ उडेल, कदाचित गाडी जागी होईल. ते हजाराहून जास्त आज्ञा पाठवत राहिले आणि ऐकत राहिले. इकडे वर्गातल्या इतरांचं लक्ष उडालं. नवोदयची तयारी, कबड्डीचे सामने, गणपती, दिवाळी. ती मात्र दर शनिवारी वही काढायची. एकदा मीच म्हटलं, “अगं, तेच तेच काय लिहितेस? आलं काही तर लिहू.” ती म्हणाली, “बाई, नाही आलं हे पण लिहायला पाहिजे ना?” जूनपासून फेब्रुवारीपर्यंत अशा तीसेक ओळी आहेत. निरोप नाही. निरोप नाही. निरोप नाही.

१४ फेब्रुवारी २०१९, गुरुवार. पहाटे उठून मोबाईल बघितला. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेल्यावर तिकडे नासाने जाहीर केलं होतं की मोहीम संपली. आणि त्याबरोबर सगळीकडे एकच इंग्रजी वाक्य फिरत होतं, गाडीचा शेवटचा निरोप म्हणून. माझी बॅटरी संपत आली आहे आणि अंधार पडतोय. मला भडभडून आलं. साडेचार वर्षं त्या गाडीबरोबर होतो आम्ही. मी ते वाक्य छान रसाळ मराठीत लिहून काढलं, त्याला पुढे-मागे चार ओळी जोडल्या, आणि परिपाठात सगळ्या शाळेसमोर वाचलं. वाचता वाचता माझा घसा दाटला. लहान मुली रडायला लागल्या. आमचे एक सर चष्मा पुसत होते. परिपाठ इतका शांत मी कधी पाहिला नव्हता, आणि खरं सांगते, मला ते आवडलं.

वर्गात गेल्यावर ती वही घेऊन टेबलाशी आली. रडलेली नव्हती.

“बाई, हे गाडीनं पाठवलं?”

“हो गं.”

“गाडी असं लिहीत नाही. ती आकडे पाठवते.” वही उघडून तिने माझ्यापुढे धरली. “पप्पा गाडी आणल्यावर लॉगशीट भरतात. किलोमीटर लिहितात, डिझेल लिहितात. ‘मी दमलो, रात्र झाली’ असं कुठं लिहितात?”

मी म्हटलं, बघते. म्हणजे टाळलंच. पण दिवसभर ते डोक्यातून जाईना. संध्याकाळी शोधायला बसणार, तोवर पुलवामाची बातमी आली. शुक्रवारी परिपाठात जवानांना श्रद्धांजली वाहिली, दुसरं काही बोलायची ती वेळ नव्हती. शनिवार-रविवारी मी शोधलं.

ती बरोबर होती. ते वाक्य गाडीचं नव्हतंच. अमेरिकेतल्या एका विज्ञान पत्रकाराने, जेपीएलच्या लोकांनी समजावलेलं आपल्या शब्दांत मांडलं होतं, आणि मांडताना ‘साधारण असा अर्थ’ हेही म्हटलं होतं. पुढे पाठवणाऱ्यांनी ‘साधारण’ तेवढं गाळलं. माझ्यापर्यंत पोहोचेतो तो गाडीचा स्वतःचा आवाज झाला होता, आणि मी त्यात वर आणखी चार ओळी घातल्या होत्या. दगड कापून क्षितिज जुळवणं म्हणतात ते हेच.

गाडीने खरोखर जे पाठवलं होतं ते दोन आकड्यांत मावतं. दिवसभरात मिळालेली वीज, २२ वॉट-तास. आणि हवेतल्या धुळीचं मोजमाप, त्याला ‘टाऊ’ म्हणतात, १०.८. याशिवाय एक अर्धवट फोटो. काळपट, ठिपक्याठिपक्यांचा, खालचा भाग पूर्ण काळा, कारण तेवढा पोहोचलाच नाही.

सोमवारी, १८ तारखेला, मी परिपाठात पुन्हा उभी राहिले. मुख्याध्यापक म्हणाले होते, “कशाला बाई, छान झालं होतं, राहू द्या.” पण सांगितलं. गुरुवारी मी वाचलं ते गाडीचं नव्हतं, मी तपासलं नव्हतं, आणि मला हे सातवीतल्या एका विद्यार्थिनीमुळे कळलं. काही मुलांचे चेहरे उतरले. एक चिमुरडी म्हणाली, “मग ती मेली नाही?” तिला समजावायला जरा वेळ गेला.

मग सातवीच्या वर्गात आम्ही ते दोन आकडे घेऊन बसलो. २२ वॉट-तास म्हणजे किती? घरातला ९ वॉटचा एलईडी बल्ब अडीच तास पेटेल, बस्स. एवढ्यात गाडीने स्वतःला उबदार ठेवायचं, घड्याळ चालू ठेवायचं, पृथ्वीशी बोलायचं. नवी असताना ती दिवसाला सुमारे ९०० वॉट-तास मिळवायची, म्हणजे तोच बल्ब १०० तास. २००७ च्या मोठ्या वादळात वीज १२८ पर्यंत उतरली होती, आणि तेव्हा टाऊ पाचाच्या पुढे गेला होता. त्यातून ती वाचली. या वेळी १०.८. आकाशात सूर्य कुठे आहे हेही दिसू नये इतकी धूळ.

फळ्यावर नुसते आकडे होते. ९००, १२८, २२. वर्ग गुरुवारच्या परिपाठासारखाच शांत झाला. या वेळी मी काही वाचून दाखवत नव्हते.

त्या आठवड्यात तिने शेवटची नोंद केली. पेनाने : ‘१३ फेब्रुवारी २०१९. अंतर ४५.१६. निरोप नाही. मोहीम संपली.’ आणि खाली, पेन्सिलीने, अगदी बारीक : ‘गाडीला अंधारात एकटं वाटलं असेल. हे गाडी नाही, मी म्हणते.’

मी त्यावर बरोबरची खूण केली नाही, सही केली नाही. तशीच ठेवली.

मार्चमध्ये नासाने गाडीचा शेवटचा देखावा प्रसिद्ध केला. १३ मे ते १० जून २०१८ या २९ दिवसांत काढलेले ३५४ फोटो जोडून केलेला, सभोवारचा, जिथे ती थांबली त्या पर्सिव्हरन्स व्हॅलीचा. आम्ही तो मोठ्या कागदावर छापून आणला. खाली डाव्या कोपऱ्यात काही चौकोन काळे-पांढरे आहेत. बाकी ठिकाणचे तिन्ही काचांमधून फोटो काढून झाले होते. या तुकड्यांचे हिरव्या आणि जांभळ्या काचेतले फोटो काढायचे राहिले, तोवर वादळ आलं. एक मुलगा लगेच खडूची पेटी घेऊन पुढे सरसावला, बाकीचा रंग बघून तेवढे भरून टाकू म्हणून. कोणीतरी त्याचा हात धरला. या वेळी ती नव्हती, तिसऱ्याच कोणी धरला.

ती आता कॉलेजात आहे, विषय गाड्यांचा किंवा ग्रहांचा नाही, वाणिज्य शाखा. मंगळावर क्युरिऑसिटी अजून चालते आहे आणि २०२१ च्या फेब्रुवारीत पर्सिव्हरन्स उतरली, तिचेही कच्चे फोटो सगळ्यांना खुले आहेत. कोणा शिक्षकांना वर्गात असं काही करायचं असेल तर मोबाईल, एक वही आणि शनिवारची वीस मिनिटं पुरतात. इंग्रजी अहवालाची भीती बाळगू नका, आकडे मुलं स्वतः शोधतात. रकाने तुम्ही आखा, नाव त्यांना ठेवू द्या.

तो देखावा आमच्या वर्गाच्या मागच्या भिंतीवर आहे. दोन पावसाळ्यांत उजवी कड ओल धरून थोडी फुगली आहे. डावा कोपरा अजून काळा-पांढराच आहे.